आधी चर्च, मग फ्योल्की: लाइपझिगला नव्याने आलेल्यांसाठी एका दिवसाची वाट

मी जर्मनीत लाइपझिगला आले तेव्हा होस्टेलचा पत्ता होता 'श्ट्रासं डेस अख्टझेन्टन ऑक्टोबर', म्हणजे १८ ऑक्टोबरचा रस्ता. तीन महिने हा पत्ता मी बँकेत, नगरपालिकेत, विम्याच्या अर्जावर लिहीत होते, पण १८ ऑक्टोबरला नेमकं झालं काय, हे एकदाही मनात आलं नाही. आमच्या जालन्यात रस्त्यांना माणसांची नावं असतात, नाहीतर सरळ 'स्टेशन रोड'. तारखेचं नाव असलेला रस्ता मी पहिल्यांदा पाहत होते, आणि पाहूनही पाहिला नव्हता.

रस्त्याच्या टोकाला एक काळपट डोंगरासारखं काहीतरी दिसायचं. कारखाना असेल, असं मी धरून चालले होते. शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "तो फ्योल्की." पूर्ण नाव फ्योल्करश्लाख्टडेंकमाल, म्हणजे राष्ट्रांच्या लढाईचं स्मारक. नाव एका दमात म्हणता आलं की तुम्ही इथले झालात असं समजतात. मला दुसरं सेमिस्टर लागलं.

त्यानंतर मी तिथे इतक्यांदा गेलेय की मराठी मुलांच्या ग्रुपवर कुणी "या शनिवारी काय बघू?" असं विचारलं, की बाकीचे माझ्याकडे बोट दाखवतात. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

एक गोष्ट सगळ्यात आधी. बहुतेक जण ट्रामने थेट स्मारकाला जातात, पाचशे पायऱ्या चढतात, उतरल्यावर पायांची भाकरी झालेली असते, आणि मग 'ते सोनेरी घुमटाचं रशियन चर्च' पुढच्या वेळेवर ढकलतात. ती पुढची वेळ येत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी चर्च, मग चालत स्मारक. या दोन्ही वास्तू एकाच लढाईच्या आठवणीत बांधल्या गेल्या आणि दोन्हींचं उद्घाटन एका दिवसाच्या अंतराने झालं: चर्चचं १७ ऑक्टोबर १९१३ ला, स्मारकाचं १८ ला. एक पाहून दुसरी सोडायची म्हणजे नाटकाचा एकच अंक पाहून घरी यायचं.

निघण्याआधी एवढं डोक्यात असू द्या

लढाई १६ ते १९ ऑक्टोबर १८१३, अशी चार दिवस चालली. एका बाजूला नेपोलियन, दुसऱ्या बाजूला रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया आणि स्वीडन. दोन्हीकडचे मिळून पाच लाखांहून जास्त सैनिक. मेलेले आणि जखमी झालेले मिळून सुमारे एक लाख. पहिलं महायुद्ध होईपर्यंत युरोपात एवढी मोठी लढाई झाली नव्हती. आणि हे सगळं ज्या शहराभोवती घडलं, त्याची वस्ती तेव्हा तीस-पस्तीस हजारांची. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाबाहेर पाच लाख माणसं, त्यांचे घोडे आणि तोफा चार दिवस. लढाई संपल्यावर जखमींना ठेवायला जागा नव्हती, आणि मग टायफसची साथ आली. संगीतकार रिचर्ड वाग्नर त्याच वर्षी मे महिन्यात इथे जन्मला होता. तो सहा महिन्यांचा असताना त्याचे वडील या साथीत गेले.

अजून एक, कारण याशिवाय स्मारक कळत नाही. लाइपझिग सॅक्सनी राज्यात. सॅक्सनीचा राजा नेपोलियनच्या बाजूने होता. १८ ऑक्टोबरला, ऐन लढाईत, हजारो सॅक्सन सैनिक नेपोलियनला सोडून समोरच्या बाजूला जाऊन मिळाले. लढाई संपली आणि राजा कैदेत गेला. म्हणजे ज्या भूमीवर हे भलंमोठं विजयस्मारक उभं आहे, ती भूमी हरलेल्या राजाची. पोलिश लोकांचं तर आणखी वेगळं. त्यांचा सेनानी पोनियातोव्स्की नेपोलियनकडून लढत होता; १६ तारखेला त्याला मार्शल केलं आणि १९ ला माघार घेताना एल्स्टर नदीत तो बुडाला. तीन दिवसांचा मार्शल. माझ्या वर्गातली पोलिश मुलगी फ्योल्कीवर यायला आजवर तयार झालेली नाही. तिच्या घरी हा विजय नाहीच.

काय घालायचं, काय घ्यायचं

मुलींनो, एक ओढणी किंवा स्टोल घ्या. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बायका डोकं झाकतात. पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. जीन्समध्ये आलात म्हणून कुणी हाकलत नाही, पण उघडे खांदे आणि शॉर्ट्स नकोत. मुलांचं बरोबर उलटं: टोपी काढायची. एरवी आपण देवळात जाताना आधी चपला शोधतो कुठे काढायच्या. इथे बूट पायातच. आई-बाबा आले होते तेव्हा बाबा दारातच वाकून लेस सोडायला लागले, आणि त्यांना आवरेपर्यंत मागे रांग लागली.

थोडी नाणी ठेवा, मेणबत्तीला लागतात. स्टुडंट कार्ड ठेवा, स्मारकाच्या तिकिटाला सवलत मिळते. पाण्याची बाटली आणि डबा. वर वारा अंगावर येतो, त्यामुळे जॅकेट ऑगस्टमध्येसुद्धा. बूट चांगले घाला. माझ्या मावशीने कोल्हापुरी घालून चढण्याचा पराक्रम केला आणि उरलेला आठवडा ती सोफ्यावरून उठली नाही.

वेळेचं गणित असं. स्मारक साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर संध्याकाळी सहापर्यंत उघडं असतं आणि हिवाळ्यात चारपर्यंतच. मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबरात, साडेतीनला. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता मान हलवली. त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी संकेतस्थळ पाहाच. चर्चचं वेळापत्रकही पाहा, कारण ते चालू चर्च आहे, संग्रहालय नाही. प्रार्थना चालू असताना उभं राहून ऐकता येतं, पण इकडेतिकडे फिरून बघता येत नाही. निवांत बघायचं असेल तर आठवड्यातला साधा दिवस बरा.

चर्च

सेंट अलेक्सी स्मृतिचर्च फिलिप रोझेनथाल रस्त्यावर, जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जवळच आहे. आमच्या होस्टेलपासून पायी दहा-बारा मिनिटं. शहरातून येणाऱ्यांनी ग्रंथालयाच्या स्टॉपला उतरावं. सोनेरी कळस झाडांच्या वर दिसतो, विचारायची गरज पडत नाही.

बाहेरून आधी एक चक्कर मारा. व्लादिमिर पोक्रोव्स्की या रशियन वास्तुकाराने मॉस्कोतल्या कोलोमेन्स्कोये इथल्या सोळाव्या शतकातल्या चर्चचा नमुना समोर ठेवून हे बांधलं. उंची ५५ मीटर. खाली चौकोनी जोतं, वर निमुळतं होत गेलेलं शिखर, आणि टोकाला कांद्याच्या आकाराचा सोनेरी घुमट. आपल्या डोळ्याला हे ओळखीचं वाटतं, कारण घुमटाच्या चर्चपेक्षा ते शिखराच्या देवळाच्या जास्त जवळचं आहे. माझी आई पाहताक्षणी म्हणाली, "हे तर देऊळच." चुकीचं म्हणाली नाही.

हे कुणासाठी आहे, तेही तिथे लिहिलंय: लाइपझिगला पडलेल्या २२,००० रशियन सैनिकांसाठी. खालच्या भागात त्या लढाईत मेलेल्या काही रशियन अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या शवपेट्या आहेत. तो भाग दर वेळी उघडा नसतो. उघडा असेल तर जा, आणि आत बोलू नका.

वरच्या मुख्य सभागृहात गेलात की समोर चित्रभिंत. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गाभारा आणि भक्त यांच्यामध्ये संतांच्या चित्रांची भिंत असते. इथली १८ मीटर उंच आहे, सात ओळींमध्ये चित्रं लावलेली. डॉन नदीकाठच्या कोसॅक या लढवय्या लोकांनी दिलेली भेट. खालून वर पाहत जा. सगळ्यात खाली माणसाच्या उंचीवर येशू, मरियम, मधलं दार. वर जाल तशी चित्रं लहान दिसू लागतात आणि तुमची मान दुखू लागते. त्या मधल्या दारातून आत जायचं नाही, ते फक्त पाद्र्यांसाठी. आपल्याकडे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर थांबतो तसंच.

बसायला बाकं नाहीत. भिंतीकडेला म्हाताऱ्यांसाठी चार खुर्च्या असतात, त्या त्यांनाच ठेवा. ऑर्थोडॉक्स प्रार्थना उभ्यानेच चालते, आणि ती दीड-दोन तास चालू शकते. मी एकदा रविवारी पूर्ण वेळ थांबले. वाद्य एकही नाही, फक्त माणसांचे आवाज. जर्मन येत नव्हतं तेव्हा जसं शहर ऐकायचे तसंच ते ऐकलं, अर्थाच्या नादी न लागता.

मेणबत्ती लावायची असेल तर दाराजवळच्या टेबलावर मिळते, बारीक, पिवळसर. कुठे लावायची याकडे मात्र लक्ष द्या. उंच गोल दिवट्यांवर जिवंत माणसांसाठी लावतात. मृतांसाठी वेगळं, चौकोनी, बुटकं टेबल असतं, त्यावर छोटा क्रूस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा परीक्षेसाठी म्हणून भक्तिभावाने मृतांच्या टेबलावर मेणबत्ती लावली. शेजारच्या आजींनी ती उचलून दुसरीकडे लावली आणि माझ्या गालावर हात फिरवला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पेपर पास झाले, एवढं सांगते.

फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि प्रार्थना चालू असेल तर विचारूही नका. इथे येणारे पुष्कळ लोक रशियन, युक्रेनियन, बेलारूसी, जॉर्जियन घरांतले आहेत. सध्याच्या काळात त्यांच्या मनात काय चाललं असेल ते आपण विचारायला जाऊ नये. "तुम्ही कुठल्या देशाचे?" हा आपला आवडता प्रश्न तेवढा घरी ठेवा.

मधली वाट

आता ट्राम पकडू नका. चर्चमधून निघून जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयापाशी या. ही संस्था १९१२ ची, आणि समोरची वाकलेली, लांबलचक इमारत १९१६ ची. जर्मन भाषेत छापलेलं प्रत्येक पुस्तक इथे जमा होतं. तिथून स्मारकाच्या दिशेने तोंड करून उभे राहा: १८ ऑक्टोबरचा रस्ता, जुनं जत्रामैदान आणि स्मारक एका सरळ रेषेत येतात. ती रेष मुद्दाम आखलेली आहे.

जत्रामैदान म्हणजे लाइपझिगचं जुनं व्यापारी प्रदर्शन, आल्टे मेसे. दाराशी एकावर एक दोन 'एम' अक्षरं असलेला मनोरा आहे, तो प्रदर्शनाचा शिक्का. १९९६ मध्ये प्रदर्शन शहराच्या उत्तरेला नव्या जागी गेलं, आणि इथल्या हॉलमध्ये आता दुकानं, कार्यालयं, कुठे नुसतीच पडीक जागा. पण एक इमारत चुकवू नका: टोकदार सुळका आणि त्यावर लाल तारा. हा सोव्हिएत पॅव्हेलियन. आता त्यात शहराचं अभिलेखागार आहे, म्हणजे जुने दप्तर.

मला या वाटेचा हाच तुकडा सगळ्यात जास्त आवडतो आणि इथे मी प्रत्येकाला थांबवून पिडते. मागे झारच्या काळातलं चर्च. शेजारी सोव्हिएत तारा. पुढे जर्मन सम्राटाच्या उपस्थितीत उद्घाटन झालेलं स्मारक. १८ ऑक्टोबर १९१३ ला त्या उद्घाटनाला सम्राट दुसरा विल्हेल्म होता, सॅक्सनीचा राजा होता, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड होता. शंभर वर्षांपूर्वी आपण मिळून नेपोलियनला हरवलं, म्हणून सगळे जमले होते. पुढच्या जूनमध्ये त्या युवराजाला साराएव्होत गोळ्या घातल्या. १ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. चर्चचा रंग वाळायला पुरते दहा महिनेही मिळाले नाहीत.

मैदानातून पुढे कुठे कुंपण किंवा बांधकाम आडवं आलं तर डावीकडे प्रागर रस्त्याला लागा. ट्रामचे रूळ धरून चाललात तरी स्मारकालाच पोचता. एकूण अंतर दोनेक किलोमीटर. सोबत वयस्कर माणसं असतील तर मात्र हट्ट करू नका. १५ नंबरची ट्राम स्मारकाच्या स्टॉपला जाते, आणि स्मारकाच्या नावाचं एस-बान, म्हणजे लोकल गाडीचं, स्टेशनही आहे. सेमिस्टर तिकिटात दोन्ही येतं.

फ्योल्की

पहिल्यांदा समोर येतो तो तलाव. नाव 'अश्रूंचं सरोवर', लढाईत मेलेल्यांसाठी ढाळलेल्या अश्रूंचं. उन्हाळ्यात याच अश्रूंच्या सरोवरात बाथटबांची शर्यत लागते. लोक रंगवलेल्या टबांत बसून वल्ही मारतात आणि उलटे होतात. जर्मन माणसाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्याला इथे आणून उभं करावं.

तलावाच्या टोकाशी उभे राहून स्मारक एकदा डोळे भरून बघा, कारण जवळ गेल्यावर ते नजरेत मावत नाही. उंची ९१ मीटर, वजन सुमारे तीन लाख टन. बाहेरून दिसतो तो जवळच्या बॉइखा गावचा ग्रॅनाइटसारखा दगड, पण आतला बहुतेक भाग काँक्रीटचा. काम १८९८ ते १९१३ चाललं. वास्तुकार ब्रुनो श्मिट्झ. आणि ज्याने हे मनावर घेतलं तो क्लेमेन्स थीमं. सरकारने पैसा दिला असेल असं मला वाटलं होतं, तर तसं नाही. थीमंने १८९४ मध्ये एक देशभक्त मंडळ काढलं आणि देणग्या व लॉटरीवर साठ लाख मार्कांचं हे काम उभं केलं. वर्गणी काढून एवढं मोठं काहीतरी उभारायचं, हे आपल्याला नवं नाही. आपण फक्त दहाव्या दिवशी विसर्जन करतो.

समोर दगडात कोरलेला प्रचंड योद्धा म्हणजे देवदूत मिखाएल, डोक्यावर 'गॉट मिट उन्स', देव आमच्या बाजूला, अशी अक्षरं. चर्चमधून येताना हे वाचलं की थोडं अडखळायला होतं. समोरच्या सैन्यातही कुणीतरी हेच म्हणत असणार.

पायथ्याशी 'फोरम १८१३' हे छोटं संग्रहालय आहे, ते आधी करा. गणवेश, बंदुका, लढाईचा देखावा. अर्धा तास पुरे. तोफांपाशी आलात की माझी एक लाडकी गोष्ट आठवा. या लढाईत ब्रिटिशांची एक छोटी रॉकेट तुकडी होती, कॅप्टन बोग याच्या हाताखाली. ती वापरत होती काँग्रीव्ह रॉकेटं, आणि ती बनवण्याची कल्पना ब्रिटिशांनी टिपू सुलतानाच्या म्हैसूरच्या रॉकेटांवरून उचललेली. बोग इथेच मेला, त्याची कबर शहराच्या ईशान्येला टाउखात आहे. श्रीरंगपट्टणमला ब्रिटिशांवर पडलेली रॉकेटं फिरून फिरून लाइपझिगच्या शेतात नेपोलियनवर पडली, हे कळलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले होते.

माझं कारण असं की माझं आजोळ असईजवळ. जालना जिल्ह्यातली ती असई, जिथे २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला त्याने शेवटचं हरवलं. लाइपझिगच्या लढाईत तो नव्हता, तेव्हा तो स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर होता. पण तो काळ, ती माणसं तीच. मामाच्या गावी जाताना आम्ही असईवरून शंभर वेळा गेलो असू, पण गाडी कधी थांबवली नाही.

आता वर. आधी क्रिप्ट, म्हणजे मृतांचं दालन. गोलाकार जागा, आठ अवाढव्य दगडी मुखवटे, आणि प्रत्येकासमोर माना खाली घालून उभे दोन-दोन पहारेकरी, एकूण सोळा. इथे कुणी खरोखर पुरलेलं नाही, ही सगळी प्रतीकं. प्रकाश कमी, दगड थंड. इथे पाच मिनिटं तरी थांबा आणि हलक्या आवाजात एखादा सूर लावा. घुमटाखाली आवाज इतका वेळ फिरतो की तुमचाच पहिला सूर दुसऱ्याला साथ करतो. या स्मारकाचं स्वतःचं गायकवृंदही आहे आणि इथे मैफली होतात. तिकीट मिळालं तर सोडू नका. मी एकदा कुणी नाही असं पाहून 'ओंकार स्वरूपा'ची एक ओळ म्हटली. वरच्या सज्जातून टाळ्या आल्या. कुणी नाही असं इथे समजू नका.

त्याच्यावरचं दालन कीर्तिमंडपाचं. चार बसलेले पुतळे, प्रत्येक साडेनऊ मीटर उंच: शौर्य, श्रद्धा, त्याग आणि लोकशक्ती. लोकशक्ती म्हणजे दोन बाळांना अंगावर पाजणारी आई. पुतळ्याच्या पायाच्या अंगठ्याशी उभं राहून फोटो काढा, म्हणजे घरच्यांना आकार कळेल. मग मान वर करून घुमटाच्या आतली बाजू पाहा: रांगेने घोडेस्वार, ३२४, घरी परतणारे. खालून मुंगीएवढे दिसतात, प्रत्यक्षात जवळजवळ खऱ्या माणसाएवढे आहेत.

आणि आता थोडं अस्वस्थ व्हा, कारण व्हायला हवं. हे सगळं सुंदर आहे का? मला तीन वर्षांत ठरवता आलेलं नाही. एवढे स्नायू, एवढा दगड, एवढे आवळलेले जबडे. नाझींना हे आवडलं यात नवल नाही. त्यांनी इथे सभा घेतल्या. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा शहरात शिरल्या तेव्हा जर्मन सैनिकांची एक तुकडी याच स्मारकात दडून लढली. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारने तेच स्मारक रशिया-जर्मनी शस्त्रबंधुत्वाचं म्हणून मिरवलं. दगड तोच, पाटी ज्याची त्याची. २०१३ च्या द्विशताब्दीसाठी मोठी दुरुस्ती झाली आणि शंभर वर्षांची काजळी धुतली गेली. तरी ढगाळ दिवशी तो अजून काळाच दिसतो.

वर जायचं तर जमिनीपासून सुमारे ५०० पायऱ्या. मधल्या सज्जापर्यंत लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांना तिथपर्यंत न्या, दृश्य तिथूनही छान आहे. शेवटचा टप्पा मात्र अरुंद चक्री जिना. समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाने भिंत व्हावं लागतं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी उगाच मर्दुमकी दाखवू नये. माझा एक मित्र मध्येच बसला आणि मागच्या शाळेच्या सहलीने त्याला गाणी म्हणत वर चढवलं. दप्तर पाठीवर नको, पोटाशी धरा.

वरून आपली सकाळची वाट दिसते: मैदान, मनोरा, झाडांतून सोनेरी ठिपका. त्यापलीकडे विद्यापीठाची जुनी उंच इमारत आणि नव्या नगरभवनाचा मनोरा. दक्षिणेला लिपेनडॉर्फच्या वीजकेंद्राची वाफ. आणि बाकी सगळीकडे सपाट जमीन. ती सपाटी पाहिली की लढाई इथेच का झाली ते नकाशाशिवाय समजतं: चारी दिशांनी रस्ते येतात आणि लपायला एक टेकडी नाही.

उतरल्यावर

अंगात त्राण असेल तर दोन गोष्टी जवळच आहेत. पाच मिनिटांवर 'नेपोलियनचा दगड'. १८ ऑक्टोबरला तो इथल्या तंबाखूच्या गिरणीपाशी उभा राहून लढाई चालवत होता. तिथे दगडावर उशी आणि उशीवर त्याची हॅट ठेवलेली आहे. ९१ मीटरच्या विजयाशेजारी हरलेल्याची एक हॅट. फोटो तिचाच जास्त निघतो. दुसरी जागा झ्युडफ्रीडहोफ, लागूनच असलेली विशाल दफनभूमी. ऐकायला विचित्र वाटेल, पण मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात तेव्हा सगळं शहर तिथे फिरायला येतं.

लढाईच्या तारखांच्या आसपास, ऑक्टोबरात आलात, तर दक्षिणेच्या गावांकडे जुने गणवेश घालून लढाईचा प्रयोग करणारे हौशी लोक भेटतील. युरोपभरातून येतात, तंबूत राहतात, शेगडीवर सूप करतात. एका 'फ्रेंच' सैनिकाशी बोलले तर तो निघाला चेक दंतवैद्य.

खायचं मात्र स्वतःचं न्या. मी थालीपीठ आणि लोणचं नेते आणि तलावाच्या कठड्यावर बसून खाते. बदकं येतात, त्यांना घालू नका, थालीपीठ त्यांना सोसत नाही. परतीची ट्राम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने मिळते. अलीकडच्या स्टॉपवर चढलात तर मॉइसडॉर्फला पोचाल. मी दोनदा पोचलेय.